ओट्यावरचे डबे

आई सगळे डबे ओट्यावरच ठेवायची. त्या पसाऱ्यावरून मी तिला रोज बोलायचो. शेवटी पार छतापर्यंत नवी कपाटं करून घ्यायची ठरवली आणि चार चकचकीत दुकानं पालथी घातली. कुठेच पटेना, म्हणून आईला घेऊन कसबा पेठेतल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे गेलो.

मी मापांचा कागद पुढे केला. त्याने तो न बघताच रंध्याखाली सरकवला.

"हे भिंतीचं माप झालं. स्वयंपाक कोण करतं?"

"आई."

त्याने कानावरची पेन्सिल काढली, आईला भिंतीशी उभं केलं. "हात वर करा, ताई. जेवढा जातो तेवढाच."

आईचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. डावाही तिथेच अडला. त्याने तिथे रेघ ओढली.

"कधीपासून?"

"झालं की दीड वर्ष," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

आम्ही दोघं एकाच घरात राहतो.

"कपाटं कुठूनही घ्या," कागद परत देत तो म्हणाला, "पण आधी घरात कोण राहतं ते बघून घ्या."

घरी आल्यावर मी ओट्याच्या वर भिंतीला लावलेली जुनी कपाटं एकेक करून उघडली. सगळी रिकामी होती.