मापवहीतली सही

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. काम करताना चार-पाच टाचण्या तिच्या ओठांत असायच्या, आणि त्या नसल्या तरी तिचं बोलणं टोचायचंच. नवरा गेल्यावर तिने एका खोलीत शिवणकाम सुरू केलं आणि त्याच खोलीच्या पोटमाळ्यावर मुलीला वाढवलं. तिच्या एका सवयीचा गिऱ्हाइकांना वैताग यायचा. मापवहीत प्रत्येकाचं एक पान होतं. काम ठरल्या दिवशी होणार नसेल, तर ती कारण त्या पानावर लिहायची, मोठ्याने वाचून दाखवायची आणि खाली ‘मान्य’ म्हणून सही घ्यायची.

"नंतर कोणी म्हणायला नको, मला माहीतच नव्हतं."

अशी ही टाचणी मशीनवाल्याकडून फसली. नवी कोरी म्हणून त्याने दिलेली शिलाई मशीन आठव्या दिवशी अडून बसली. मुलीने झाकण उघडलं, तर आत जुना गंज, वर ताजा रंग आणि नंबर कानशीने घासलेला. मशीनच्या किमतीपोटी टाचणीने सहा महिन्यांच्या मुदतीची वचनचिठ्ठी लिहून दिली होती. ती परत मागायला गेली, तर मशीनवाला दात कोरत म्हणाला, "बघू की ताई. घाई काय आहे?"

घाई त्यालाच होती. पंधरा दिवसांत त्याने चिठ्ठीच्या पाठीवर सही ठोकून ती पेढीवाल्याला विकली. अशा चिठ्ठ्या कमी दरात विकत घ्यायच्या आणि मुदत भरली की वसूल करायच्या, हाच पेढीवाल्याचा धंदा. मुदत भरली, टाचणीने पैसे दिले नाहीत, तसा त्याने तिच्यावर दावा लावला.

वकीलबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी समजावलं, "मशीनवाल्यानेच दावा लावला असता, तर आपण त्याला सोलून काढलं असतं. पण पेढीवाला म्हणतो, मी प्रामाणिकपणे, पैसे मोजून, मुदतीआधी चिठ्ठी घेतली. त्यातली फसवणूक त्याला खरंच माहीत नसेल, तर कायदा त्याच्या बाजूने."

"म्हणजे फसवणार तो, आणि खोली विकून भरायचं मी?"

"त्याला माहीत होतं, हे दाखवता आलं तर नाही."

टाचणी घरी आली ती थेट मापवहीकडे. मशीन अडली त्या आठवड्यात ती इतकी धुमसत होती, की येईल त्याच्या पानावर तिने एकच वाक्य लिहिलं होतं: ‘मशीनवाल्याने जुनी मशीन रंगवून दिली, मी चिठ्ठी परत मागितली आहे, म्हणून काम हाताने, चार दिवस उशीर.’ त्यातलं एक पान पेढीवाल्याचं निघालं. कोट कंबरेत सैल करायला आला होता. खाली सही, तारीख आणि त्याच्याच अक्षरात वर एक ओळ: ‘मशीनवाल्याने काहीही दिलेलं असो, कोट मला शुक्रवारीच हवा.’

चिठ्ठी त्याने विकत घेतली होती ती या तारखेनंतरच्या सोमवारी.

"आई, आजच दाखव ना वही," मुलगी म्हणाली. "उगाच जीव टांगणीला."

"आज दाखवली तर म्हणेल, अरेच्चा, विसरलोच. आधी शपथेवर नाही म्हणू दे त्याला."

सव्वा वर्ष ती तारखांना गेली. वही पिठाच्या डब्यामागे ठेवली. मशीन मात्र खोलीत समोरच, उघडी. मुलगी चादर टाकायला गेली की ती ओरडायची, "झाकू नकोस. मला दिसली पाहिजे." बोटं सुजेपर्यंत हाताने शिवायची आणि मधूनमधून मशीनकडे बघायची.

पेढीवाला साक्षीला उभा राहिला, तो तोच कोट घालून. टाचणीने बाकावरूनच आपली शिवण ओळखली.

"या बाईंना मी आज पहिल्यांदा बघतोय," त्याने शपथेवर सांगितलं. "मशीन चांगली की वाईट, मला काय ठाऊक?"

वकीलबाईंनी वही उघडली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली. "छाती चाळीस. कंबर गिऱ्हाइकाने सांगितली छत्तीस, निघाली त्रेचाळीस." मागच्या बाकांवर खसखस पिकली. मग उशिराचं कारण, मग शुक्रवारची ओळ. न्यायाधीशांनी अक्षर ताडून पाहिलं. पेढीवाल्याने कोटाचं बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना.

दावा फेटाळला गेला. खोली वाचली. पण टाचणीचं पोट भरलं नव्हतं.

महिन्याभराने पेढीवालाच दारात आला. "ताई, झालं गेलं. आता मी मशीनवाल्याला कोर्टात खेचतोय. त्याने मलाही फसवलं, माझे पैसे बुडवले. पुरावा म्हणून तेवढी मशीन द्या."

"न्या की. हमाल आणलाय?"

त्याचा चेहरा उजळला. टाचणीने वहीत त्याचं पान काढलं, एक ओळ लिहिली आणि सवयीप्रमाणे वाचून दाखवली: "मशीनवाल्याने मला फसवलेलं नाही, चिठ्ठी घेतानाच मला सगळं माहीत होतं. मशीन मिळाली. मान्य." आणि पेन पुढे केलं.

त्याने पेन हातात घेतलं. वाक्य वाचलं, मग बोट ठेवून शब्द न् शब्द पुन्हा वाचलं. पेन खाली ठेवलं.

"आता वाचून सही करता होय," टाचणी म्हणाली. "चांगलंय. थोडं आधी सुचायला हवं होतं."

तिने टाचण्या ओठांत धरल्या आणि पाठ फिरवली. तो गेला. मशीन अजून तिथेच आहे, उघडी.