गाडीखालचा पाहुणा

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण चहा मागवून झालाच आहे, आणि आज ना उद्या तुम्ही हे माझ्या मामाकडून ऐकणारच. तो तिखटमीठ लावल्याशिवाय राहत नाही. त्यापेक्षा माझी फजिती मीच क्रमवार आणि शास्त्रशुद्ध सांगितलेली बरी.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नुकताच मेकॅनिकलमध्ये एम. ई. झालो होतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, ड्राइव्हशाफ्ट, त्याच्या टोकाचा सांधा हा माझ्या प्रबंधाचा विषय. हा सांधा मी संगणकावर हजारो वेळा फिरवला होता. हाताने एकदाही नाही. हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात असू द्या.

त्याच सुमारास निफाडजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या मुलीचं स्थळ सांगून आलं. मुलीचा फोटो पाहिला आणि माझ्या तटस्थ वृत्तीला पहिल्यांदाच तडा गेला. माझ्या बाजूने मामाने पाठवलेला फोटो पदवीदान समारंभातला होता. झगा, टोपी, आणि त्यांच्या मधोमध कुठेतरी मी.

निघताना मामाने बजावलं, "ही मंडळी मुलाची परीक्षा बघतात. काही सांगितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि तुझे ते प्रश्न नाशिकमध्येच ठेवून यायचे."

प्रश्न विचारणं हा माझा स्वभावही आणि शिक्षणही. तरीही मी मान्य केलं. एवढी मला ती मुलगी आवडली होती.

निफाडच्या अलीकडे मामाची स्कूटर पंक्चर झाली. वेळेवर पोहोचलास तर छाप पडेल, असं म्हणून त्याने मला द्राक्षांचे रिकामे क्रेट नेणाऱ्या एका पिकअपच्या मागे चढवलं. पेढ्यांचा बॉक्स मात्र स्वतःकडेच ठेवला.

बंगल्यासमोर उतरलो तेव्हा केसांत धूळ होती आणि शर्टावर द्राक्षांचे डाग. मुलीचे वडील, भाऊसाहेब, दारातच उभे होते.

"नाशिकहून ना?"

"हो."

"या. सकाळधरनं वाट बघतोय. आधी काम बघा, चहापाणी मग."

काम कसलं, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो मी गिळला.

ते मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर यांच्यामध्ये एक लाल स्पोर्ट्‌स कार उभी होती. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला जवळजवळ टेकलेली. एक हंगाम लय चांगला गेला, त्याची ही हौस, असं भाऊसाहेब म्हणाले. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसत होतं.

"सांध्यावरचं रबर फाटलंय. नवं मुंबईहून आणून ठेवलंय. तुमचा यात लय अभ्यास हाय म्हणे."

तुम्हीच सांगा, माझ्या जागी दुसरं कोणी काय समजलं असतं? जावयाची परीक्षा, आणि तीही त्याच्या प्रबंधाच्या विषयात! किती विचारी माणसं ही, असं मनात म्हणत मी बाह्या सरसावल्या.

भाऊसाहेब आत गेले. मी सुटे भाग गोणपाटावर ओळीने मांडले. रबराचं बारीक टोक दांड्यावर आवळणारा छोटा क्लॅम्प फारच लहान होता. हरवू नये म्हणून तो शर्टाच्या खिशात जपून ठेवला. मग गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, दांडा बाहेर ओढला. जुनं रबर काढून सांधा रॉकेलने धुतला आणि नवं ग्रीस भरलं. तोवर मी कोपरापर्यंत काळा झालो होतो.

इतक्यात चहा घेऊन ती आली. अश्विनी. फोटोपेक्षा छान.

"आत पाहुणे बसलेत," ती म्हणाली. "सगळे त्यांच्याच सरबराईत आहेत. मी चहाचं निमित्त करून सटकले."

म्हणजे मामा पोहोचला तर! मी निर्धास्त झालो. पाहुण्यांचं कसं काय चाललंय, असं विचारलं.

"पोह्यांची तिसरी प्लेट चालू आहे. आणि काहीही विचारा, 'येतं की', एवढंच उत्तर. पोहता येतं का? येतं की. पेटी वाजवता येते का? येते की."

मामाच. शंकाच नको.

तिने टॉर्च धरला आणि हा सांधा कसा चालतो ते विचारलं. मी सांगितलं. चाक वळलं तरी त्याचं फिरणं अडू नये म्हणून तो असतो, आणि रबर फाटलं की धूळ आत जाऊन तो झिजतो. तिने पुढचे प्रश्नही इतके नेमके विचारले की मला राहवलं नाही.

"खरं सांगू का? हे सगळं मी फक्त कागदावर केलंय. प्रत्यक्षात आज पहिल्यांदाच."

ती हसली. "बाबांना सांगू नका. पण येत नाही म्हणणारा माणूस आज पहिल्यांदाच भेटला."

त्या वाक्याच्या बळावर मी सांधा दांड्यावर ठोकला. आतली रिंग टक्‌ करून खाचेत बसली. काय सुंदर आवाज होता तो!

"आणि हे?" तिने टॉर्च गोणपाटावर मारला.

नवं रबर तिथे पडलं होतं. ते सांध्याच्या आधी दांड्यावर चढवायचं असतं.

पुन्हा सगळं उघडलं. आता मी गाडीखाली, ती टॉर्च धरून बाहेर. तेवढ्यात शेडच्या दारातून मामाचा आवाज आला, "अहो, तो मुलगा माझा भाचा नाही!"

"मग पोहे कोण खातंय?" भाऊसाहेबांचा आवाज.

"आणि माझा भाचा कुठाय?"

मग गाडीखालून मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "नमस्कार."

बाहेर आलो. अख्खं घर दारात उभं होतं, आणि सर्वांत पुढे पोह्यांची प्लेट घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. तो नाशिकचा गाडीचा मिस्त्री होता. पुढे निफाडला लग्नाला जायचं म्हणून नटून आला होता. तो निरागसपणे म्हणाला, "मला वाटलं, एवढी महागाची गाडी, चौकशी करूनच हातात देणार." त्याच्या उत्तरांवर अश्विनीच्या काकू इतक्या खूश होत्या की त्यांना पत्रिका बघायची होती.

अश्विनी टॉर्च बंद करायची विसरून माझ्याकडे बघत होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना. उरलेलं काम मी खाली मान घालून संपवलं, चाक बसवलं आणि मामामागे स्कूटरवर बसलो. उत्तर कळवतो, एवढंच भाऊसाहेब म्हणाले.

घरी येऊन खिसा रिकामा केला. छोटा क्लॅम्प तळहातावर आला.

म्हणजे गळती आहे तशीच! आता फोन करावा, तर काम फसल्याची कबुली. न करावा, तर सांध्याचं वाटोळं. मी सावध माणूस. खूप विचार केला आणि शेवटी नंबर फिरवला. तिनेच उचलला.

"तुम्हाला एक सांगायचं होतं. तो क्लॅम्प..."

"माहीत आहे. बाबा चक्कर मारून आले. चाकावर पुन्हा ग्रीस."

मी माफी मागितली. पलीकडे ती हसू दाबत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"बाबांनी निरोप सांगायला सांगितलाय," ती म्हणाली. "मुलगा पसंत आहे. मिस्त्री मात्र दुसरा बघू."