आठ पोर्टचा स्विच

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा सासरी छपाईचा मजकूर जुळवून देण्याचं काम चालायचं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल. कॉम्प्युटर तीन. सासऱ्यांचा पुढच्या खोलीत, नवऱ्याचा माडीवर, धाकट्या दिराचा मागच्या खोलीत. प्रिंटर एकच, तो सासऱ्यांजवळ. त्यामुळे दिवसभर कोणी ना कोणी फ्लॉपी घेऊन जिना चढत-उतरत असे, आणि ते कोणी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नाआधी साताऱ्याला मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये नेटवर्क सांभाळत होते. तशीच नोकरी सांगलीजवळच्या कॉलेजात मिळत होती. होकार कळवायला दोन महिने होते. मी सासऱ्यांना विचारलं. तेवढे तीन कॉम्प्युटर वायरनं एकमेकांना जोडून दे आणि मग खुशाल जा, म्हणाले. ते कधीच नाही म्हणत नसत. त्यांचा हाच गुण मला छळायचा.

सासरे आणि मी दुकानात गेलो. दुकानदारानं हब दाखवला, म्हणजे सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी; सगळे हाच नेतात म्हणाला. हब म्हणजे अगदी आमचं घर: एकाला हाक मारली की सगळ्यांचे कान टवकारलेले. कारखान्याच्या मोठ्या फायली जायला लागल्या की तो रडणार, आणि जरा येऊन बघ म्हणून मला कॉलेजातून बोलावणं येणार, हे मला तिथंच दिसलं. मी स्विच मागितला, तशीच पण हुशार पेटी. स्विच ज्याचं त्यालाच पोचवतो. मला असं काहीतरी हवं होतं की एकदा बसवलं की घरात माझी गरजच उरू नये. तो पुण्याहून मागवावा लागणार होता. पाच पोर्टचा की आठ, म्हणजे वायरी खोचायच्या खाचा किती, दुकानदारानं विचारलं. तीन कॉम्प्युटरना पाच पुष्कळ झाले. पण मी शहाणी. म्हटलं, आठचाच मागवा, उद्या आणखी लागले तर?

वायरी मीच ओढल्या, टोकं मीच बसवली. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात स्विच लावला, कारण तिथून तिन्ही खोल्या जवळ पडत. वायर नीट जुळली की स्विचवर तिचा दिवा लागे; तीन वायरी, तीन दिवे. तो असा चालला की आठ दिवसांत फ्लॉपींचा डबा माळ्यावर गेला. मी होकाराचं पत्र लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवलं आणि पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दारात टेंपो थांबला. सासऱ्यांनी चौथा कॉम्प्युटर आणला होता, माझ्यासाठी. टेबल बोळातच मांडलं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील असं. ते फार आनंदात होते.

"आता उन्हातान्हाचं बाहेर कशाला जायचं?" ते म्हणाले. "पोर्ट रिकामे आहेत की. तूच घ्यायला लावलेस."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. पत्राचं त्याला ठाऊक होतं. मला संताप आला, पण इतक्या प्रेमानं दिलेल्या वस्तूवर संताप काढायचा कसा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी चौथी वायर कापली, आतल्या रंगीत तारा क्रमानं लावल्या, टोक दाबलं. एखादा रंग मुद्दाम चुकवला असता तर त्या घरात कोणालाही कळलं नसतं. माझा हात चुकला नाही. वायर खोचताना मनात म्हणत होते, लागू नको, लागू नको.

स्विचवरचा चौथा दिवा लगेच लागला.