चला गुरुजी, सोडतो

आमच्या मिरजगावच्या रस्त्यावर कुणाला निवांत धावू देत नाहीत. तुम्ही पायी दिसलात की शेजारी मोटारसायकल येऊन थांबते आणि वरचा माणूस म्हणतो, "चला गुरुजी, सोडतो." नको म्हणालात तर तो दुखावतो. व्यायाम करतोय म्हणालात तर घरी काहीतरी बिनसलंय, अशी त्याची खात्री होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं. तोवरचा माझा व्यायाम म्हणजे प्रार्थनेच्या वेळी 'सावधान' आणि 'विश्राम' म्हणून ओरडणं, एवढाच. पोरांना पोट आत घ्या म्हणायचो तेव्हा माझं पोट टेबलाला टेकलेलं असायचं. बायकोनं गोळ्या आणि बूट एकाच दिवशी आणले. बूट एक नंबर मोठे होते, कारण तुमचे पाय सुजणारच, असं तिचं म्हणणं.

पहिला आठवडा मी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचो आणि तिसऱ्याला मिठी मारून उभा राहायचो. एका म्हाताऱ्यानं बैल सुटलाय का, असं विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, शाळेत तपासणीला साहेब आलेत का. ते ऐकून मात्र मी खरोखरच वेग वाढवला.

वर्षभरानं कर्जतला दहा किलोमीटरची स्पर्धा होती. पाच किलोमीटर जायचं, तिथं कार्यकर्ते मनगटात रबरबँड घालणार, की वळून परत यायचं. मी वळलो तेव्हा माझ्यामागे फक्त रुग्णवाहिका होती, आणि थोड्या वेळानं तीही कंटाळून पुढं निघून गेली. सहा किलोमीटर झाले आणि पोटरीत गोळा आला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल थांबली. तोंडाला रुमाल बांधलेला तो माणूस नेहमीचं वाक्य म्हणाला आणि मी बसलो.

विचार करून बसलो असतो तर निदान लबाडी तरी म्हणता आली असती. मी सवयीनं बसलो. दोन्ही बाजूंना कॅन असल्यानं पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सीटवरच जेवायला बसल्यासारखी मांडी घातली. दोन किलोमीटरनंतर भानावर येऊन उतरलो आणि उरलेलं अंतर लंगडत धावलो. गळ्यात पदक पडलं. फोटोत मी हसतोय, पण ते हसू बघवत नाही.

गावाला फोटो पुरला. साखर असून गुरुजींनी दहा किलोमीटर मारले, अशी बातमी झाली. शाळेत सत्कार झाला, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी चार माणसं बूट घालून उभी होती, महिन्याभरात ती चौदा झाली. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लोक इतक्या आदरानं पोटं आत घेऊन उभे होते की माझी जीभच रेटेना. मग पुण्याला दोन दिवसांचं शिबिर केलं, प्रमाणपत्र आणलं, शाळेची शिट्टी गळ्यात अडकवली आणि कोच झालो. पहिला नियमही मीच घातला, कुणी सोडतो म्हणालं तरी गाडीवर बसायचं नाही. हे मी रोज शिट्टी वाजवून सांगायचो. सांगताना घरी खिळ्याला टांगलेलं पदक आठवायचं आणि लाज वाटायची.

सगळ्यांत मागे असायच्या अंगणवाडीच्या बाई. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे, ओढणी कंबरेला घट्ट बांधलेली. त्यांना पुढची कर्जतची स्पर्धा पुरी करायची होती. आयुष्यात एक तरी गोष्ट मधे कुणी हाक न मारता पुरी करायचीय, असं त्या म्हणाल्या होत्या. मी केलं तर तुम्हीही कराल, असं मी त्यांना नेहमी सांगायचो. ते वाक्य मला दर वेळी टोचायचं.

स्पर्धेच्या दिवशी मी त्यांच्या सोबतीनं धावलो. सहा किलोमीटरनंतर त्यांच्या पोटरीत गोळा आला आणि त्या रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. जागा जवळजवळ तीच. शेजारी एक जीप थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, "चला बाई, सोडतो."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. बसू नका म्हणायला माझ्या तोंडात जोर नव्हता. आणि त्या बसल्या असत्या तर माझ्यासारखंच आणखी एक पदक एका घरात टांगलं गेलं असतं. मी एकदाचं बोलून टाकलं, "बाई, मागच्या वेळी मी इथूनच गाडीवर बसलो होतो. दोन किलोमीटर. माझं पदक खोटं आहे."

बाई पोटरी चोळत राहिल्या. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "कॅनच्या मधी मांडी घालून बसला हुता ना तुमी? ती गाडी आमच्या मालकांची."

मला मोरीत उतरावंसं वाटलं. मग माझ्याकडं शिकायला कशाला आलात, असं मी विचारलं.

"जो कधी बसलाच न्हाई, गुरुजी, त्याला बसावं वाटतं म्हंजी काय, ते कसं कळायचं?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि ड्रायव्हरला तुमी व्हा फुडं म्हणाल्या. तो सगळं ऐकून बसला होता. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मिरजगावात पोचणार, हे मला दिसत होतं. आम्ही निघालो, चार खांब चालत आणि एक खांब धावत. पोचलो तेव्हा मंडपवाले खुर्च्या उचलत होते. बाईंना पदक घालताना तिथल्या मुलीनं मलाही एक घातलं, आणि मी तिथंच, आमच्यासाठी थांबलेल्या, बूट घातलेल्या सगळ्या लोकांसमोर, रडलो.

बाहेर तोंडाला रुमाल बांधून बाईंचे मालक उभे होते. बाई म्हणाल्या, मी आपल्या गटातल्या बायकांबरोबर टेम्पोतून येते. मालकांनी गाडीला किक मारली, रुमाल खाली केला आणि म्हणाले, "चला गुरुजी, आता सोडतो."

मी बसलो. त्या दिवशी कॅन नव्हते, तरी पायांनी आपोआप मांडी घातली.