मागचा पाय

अकोल्याला सालसा नाचता नाचता मी माझ्या बायकोला स्टेजवरून खाली पाडलं.

स्टेज फार उंच नव्हतं, पण मागच्या बाजूला मंडपवाल्याने खुर्च्यांची चळत रचून ठेवली होती. ती त्या खुर्च्यांसकट गेली. त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ती पडल्यावरही मी, हवेत हात धरून, थोडा वेळ नाचतच होतो. लोकांना तीही एक स्टेप वाटली. टाळ्या पडल्या.

कृषी खात्याच्या आमच्या विभागाचं स्नेहसंमेलन होतं ते. अमरावतीत खरा सालसा येणारा मी एकटाच, ही गोष्ट तेव्हा सर्वांना ठाऊक होती, कारण मीच ती सर्वांना सांगत असे. पुण्याला शिकत असताना मी सालसा शिकलो होतो आणि लग्नानंतर बायकोलाही शिकवला होता. म्हणजे मी टर्न घ्यायचो आणि तिने मध्ये यायचं नाही, एवढं शिकवलं होतं.

परतीच्या जीपमध्ये ती बर्फाची पिशवी घोट्यावर धरून बसली होती. बडनेरा आल्यावर बोलली.

"मी समोर होती, ते तरी दिसत होतं का तुमाले?"

"गाण्याची लय जरा फास्ट होती," मी म्हणालो.

"घरी वाजते तेच गानं होतं ते. आता मी तुमच्यासंग नाचत नाई. पयले शिकून या."

लोकांना वाटेल, बरंच झालं. पण दिवस वाईट होते. नोकरी कृषी विस्ताराची, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देत रोज गावोगाव फिरायचं. ज्या घरी गेल्या महिन्यात चहा घेतला, त्या घरासमोर या महिन्यात नुसती माणसं बसलेली, घरधन्याने फवारणीचं औषध प्यायलेलं, असं पाहून यायचं. ते घरी येऊन काय सांगणार? सुरुवातीला सांगायचो, तर दोघांचंही जेवण तसंच राहायचं. मग कधीतरी ठरवल्यासारखं झालं. संध्याकाळी पडदे लावायचे, सोफा भिंतीला सारायचा आणि थोडा वेळ नाचायचं. त्या वेळात कोणी कोणाला काही विचारत नसे. घोटा बरा झाला तरी सोफा जागचा हलला नाही. आम्ही टीव्ही पाहत बसू लागलो. टीव्हीवर त्याच गावांच्या बातम्या असायच्या.

शेवटी मी डान्स क्लासला गेलो. नागपूरचा एक मास्तर दर शनिवारी यायचा. वयाने माझ्याहून निम्मा. मी त्याला माझा अनुभव सविस्तर ऐकवला. त्याने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "बेसिक करून दाखवा दादा."

"बेसिक काय दाखवायचं? टर्न दाखवतो."

"बेसिकच दाखवा."

डावा पाय पुढे, परत जागेवर. उजवा पाय मागे, परत जागेवर. झालं बेसिक. पोटरीत गोळा न येता कोणालाही जमेल अशी गोष्ट. मी ती तोऱ्यात केली. थांबलो तेव्हा माझं नाक आरशापासून वीतभर अंतरावर होतं.

"निघाले कुठून, पोचले कुठं," मास्तर म्हणाला आणि त्याने मला मागच्या रांगेत, त्याच महिन्यात आलेल्या कॉलेजच्या पोरांमध्ये उभं केलं. पोरं मला काका म्हणायची आणि घाम पुसायला रुमाल द्यायची. त्यांच्या त्या दयेने माझं डोकं अजून फिरायचं.

त्याच आठवड्यात मी भातकुलीकडच्या एका गावात सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोललो होतो. पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात थोडे दाणे गुंडाळा, किती उगवतात ते पाहा, मग पेरा. त्या वर्षांत आम्ही हे जिथे तिथे सांगत होतो. एक म्हातारे पाटील उठून म्हणाले, "सायेब, हयात गेली पेरन्यात. आता आमाले बालवाडीत बसवून राहिले काय?" मी मंद हसून त्यांना समजावलं होतं की जुन्या माणसाच्याच हातून पहिली पायरी सुटते. फार छान बोललो होतो मी. आणि शनिवारी मास्तरला माझ्याच तोंडून ऐकवत होतो, "अहो, वर्षं गेली माझी यात, मला काय बालवाडीत बसवता?" बोलता बोलता पाटलांचा चेहरा आठवला. पण म्हणून राग कमी झाला नाही. उलट पाटलांचाही आला.

घोटाळा मागच्या पायात होता. उजवा पाय मी मागे न्यायचो, पण त्याचा नुसता चवडा जमिनीला लावून पटकन परत आणायचो. वजन मागे जायचंच नाही. म्हणून पुढचं पाऊल मोठं, मागचं नावापुरतं आणि समोरचं माणूस आपोआप स्टेजच्या कडेला.

एकदा मास्तर वैतागून माझ्या पाठीशी उभा राहिला. "टाका ना पाय मागे! काय आहे मागं?"

"घोडा," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळा वर्ग हसला. पण ते खरं होतं. पुण्याच्या किती तरी आधी मी नाच शिकलो तो वरातीत. आमच्याकडे वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत बँडच्या मागे सरकते आणि नवरदेवाच्या घोड्याच्या अगदी तोंडासमोर नाचायचा मान जवळच्या पोरांचा असतो. तो मान मला गावातल्या प्रत्येक लग्नात लागायचा, ओळख असो नसो. तिथे मागे पाऊल टाकलं की घोड्याच्या खुराखाली. म्हणून चवडा टेकवायचा आणि पुढे उसळायचं. सालसा त्याच पायांवर चढवला होता, वर पुण्याचा रंग देऊन.

कारण सापडलं म्हणून पाय सुधारत नाहीत. मास्तरने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आता पुढे जायला जागाच नाही, मागेच जा. शनिवारमागून शनिवार मी चुना पाहत नाचलो. गुडघे दुखायला लागले. पोरं टर्न शिकायला लागली, पुढच्या रांगेत गेली आणि मी मात्र भिंतीपाशीच. दोनदा तर क्लास सोडून दिला. दोन्ही वेळा घरी येऊन टीव्हीपुढे बसलो आणि दोन्ही वेळा परत गेलो.

एका शनिवारी वजन मागे गेलं. म्हणजे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मागची टाच जमिनीला लागली, क्षणभर मी पूर्ण त्या पायावर उभा राहिलो आणि खांदे आपोआप खाली आले. तेव्हा कळलं, इतकी वर्षं माझा तोल माझ्या पायांवर नव्हताच. तो मी बायकोच्या हाताला लोंबकळून सांभाळत होतो. तिच्या दंडावर वळ का उठायचे, तेही कळलं. मी त्याला आजवर सालसाची नजाकत समजत होतो.

घरी सांगितलं. ती म्हणाली, "असं का? बरं." आणि आवाज वाढवला, टीव्हीचा.

पुढच्या वर्षी अशा दिवसांत खात्याने नाचावं की नाही, यावरच आधी बैठक झाली. चर्चेअंती ठरलं की कार्यक्रम करायचा, पण मंडप नाही, स्टेज नाही. अकोल्यातल्याच एका साध्या हॉलमध्ये, जमिनीवर. ते ऐकून बायकोने विचारलं, "पडाले जागाच नाई म्हनता?"

"नाही."

"मंग येते. पन टर्न घ्यायचा नाई. एकबी."

आम्ही पूर्ण गाणं नुसतं बेसिक केलं. पुढे, जागेवर, मागे, जागेवर. माझे हात टर्नसाठी शिवशिवत होते. पहिल्या रांगेतला एक सहकारी मोठ्याने म्हणाला, "सायेब, सुरू कवा करता?" मला तिथेच त्याला काही दाखवावंसं वाटलं. पण तिची बोटं माझ्या हातात इतकी हलकी होती की ती घट्ट धरायचं धाडस झालं नाही. ती मागे गेली, मी पुढे. मी मागे गेलो, तर ती माझ्याकडे आली. ती माझ्याकडे आलेली मी याआधी पाहिलीच नव्हती.

टाळ्या बेताच्याच पडल्या. खुर्चीत बसून ती सँडल काढून पाय चोळत होती. मला राहवलं नाही.

"कसं वाटलं?"

"बेस वाटलं," ती म्हणाली. "तुमच्यासंग नाचून राहिली, असं वाटलंच नाई."