सात गोल आणि परातभर रोडगे

मागच्या रविवारी अकोल्यात आमचं कॉलेज फायनलमध्ये सात-शून्यने हरलं... आणि मी अमरावतीला परत येताना गाडीत गाणी म्हणत आलो.

थांबा, डोकं ठिकाणावर आहे माझं. सांगतो.

मी शाळेत गणित शिकवतो, पण मूळचा लेफ्ट बॅक. कॉलेज सुटून सत्तावीस वर्षं झाली, तरी आमच्या टीमची फुटबॉल फायनल चुकवत नाही. त्यात समोर अकोल्याचं कॉलेज असलं की विचारूच नका... तिथे जठारपेठेत माझे साडभाऊ राहतात. सुधाकरभाऊ, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर. सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं दुकान आहे त्यांचं, आणि त्यांच्या काळात ते अकोल्याचे गोलकीपर होते.

दोन वर्षांपूर्वी याच फायनलला आम्ही एका गोलने हरलो. तो गोल ऑफसाईड होता... निदान माझ्या मते. दुसऱ्या दिवशी धामणगावला सासुरवाडीत पंगतीला शेजारी शेजारी बसलो आणि विषय निघाला. भाऊ म्हणाले, गोल बरोबर होता. मी ताटात वांग्याच्या फोडी मांडून ऑफसाईड समजावायला गेलो आणि शेवटी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "भाऊ, तुमी ढेप इका. फुटबॉल आमाले पाहू द्या."

भाऊ अर्ध्या ताटावरून उठले. तेव्हापासून बोलणं बंद.

चूक माझी होती, हे मला हात धुतानाच कळलं होतं. पण माफी मागायची तर गोलही मान्य करावा लागला असता ना! या नादात हाल झाले ते दोघी बहिणींचे. एक माहेरी आली की दुसरी जायची नाही. मंगला, म्हणजे आमच्या सौ., मला काही म्हणायची नाही... फक्त ताईचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची.

यंदा टीम जबरदस्त होती. मी ठरवलं होतं, जिंकायचं आणि मग मोठ्या मनाने भाऊंकडे आपणच जायचं. जिंकलेल्याला मन मोठं करणं परवडतं, असं माझं साधं गणित.

आदल्या दिवशी मंगला म्हणाली, ग्राउंडला लागून मारुतीचं देऊळ आहे, तिथे रोडग्यांचा नवस आहे माझा. मला भरूनच आलं हो... माझ्या टीमसाठी नवस! रोडग्यांच्या गोळ्यांसाठी कणीक, वरणाची डाळ, वांगी, तूप, भाजायला गोवऱ्यांचं पोतं, सगळं डिकीत भरलं.

पण हिने मॅच सुरू व्हायच्या आधीच देवळामागच्या निंबाखाली गोवऱ्या पेटवल्या. अगं, नवस फळल्यावर फेडतात! तर म्हणते, "रोडगे भाजाले टाइम लागते. जितूनच राहिले ना तुमी? मंग?"

पहिला गोल दहा मिनिटांत बसला. हाफटाइमला तीन. रेफरीला, उन्हाला, मैदानातल्या खड्ड्यांना, सगळ्यांना बोलून झालं माझं. मंगला तिकडे निखाऱ्यातले रोडगे उलटवत होती, हरण्या-जिंकण्याचं काही सोयरसुतकच नाही.

समोरच्या बाजूला भाऊ बसले होते. प्रत्येक गोलला दणदणीत टाळ्या. पाचव्या गोलला मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. सहाव्यालाही वाजवल्या नाहीत.

आणि सातवा गोल... काय सांगू! त्यांच्या पोराने अर्ध्या मैदानातून बॉल काढला, आमचे चार जण मागे टाकले आणि गोलकीपरला बसवून अलगद आत सरकवला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकदम इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... एका गोलने हरलं की माणूस दोन वर्षं भांडतो. सात गोलने हरल्यावर भांडायचं कशावर?

शिट्टी वाजली. मंगलाने राख झटकून, तुपात बुडवलेल्या रोडग्यांची परात माझ्या हातात दिली. "जितलं कोण? त्याइले नेऊन द्या आधी."

अख्खं ग्राउंड ओलांडून गेलो. भाऊंनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काहून, जहर-बिहर टाकलं का यात?"

"भाऊ, थो गोल ऑफसाईड नव्हता. अन् मी जे बोललो थे चुकलंच."

भाऊंनी रोडगा फोडला, तोंडात टाकला. मग मैदानाकडे पाहत म्हणाले, "ऑफसाईडच व्हता थो. मी गोलच्या मांगंच उभा व्हतो. मले तवाच मालूम व्हतं."

दोन वर्षं! आणि मग दोघंही असे हसलो की भाऊंना ठसका लागला. पाणी मीच दिलं.

नंतर निंबाखाली दोन्ही टीमची एकच पंगत बसली. आमच्या गोलकीपरने सात रोडगे हाणले, "एका गोलले एक" म्हणत. ताई स्कूटीवरून आली ती हेल्मेट न काढताच मंगलाच्या गळ्यात पडली. दोघी रडत काय होत्या, हसत काय होत्या... मला काही पाहवेना, मी वरण वाढत सुटलो.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी म्हटलं, मंगला, तुझा नवस वाया गेला गं. ती चहा फुंकत म्हणाली, "वाया कायले? फुटबॉलचा व्हताच कुठी थो? तुमी दोघांनं एका परातीतून खावं, येवढाच तं व्हता."

मग आधीच काहून फेडला?

"तुमचा भरोसा नव्हता. मारुतीचा व्हता."

खरं सांगतो, जिंकलो असतो तर मी ती परात घेऊन गेलो नसतो. नाचत बसलो असतो, आणि भाऊ तिकडच्या तिकडे निघून गेले असते. या रविवारी दोघी बहिणी एकत्र धामणगावला जात आहेत... सोबत आम्ही दोघं.

त्या दिवशी मैदानात कुठेही न दिसलेल्या आमच्या डिफेन्सचे मनापासून आभार.