हौसाबाईचा अंक

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालूनच बसते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती आणि — राहू दे. आधी जागा सांगते.

पनवेलला एका किराणा दुकानाच्या वर आमचं वाचनालय होतं. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तिथे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे फार काही समजू नका. सकाळी कुलूप उघडायचं, वर्तमानपत्रं मांडायची, कोडं कापून नेणाऱ्या पेन्शनरांवर डोळा ठेवायचा, फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, आणि खाली मिरची दळायला लागले की खिडक्या बंद करून सगळ्यांनी मिळून शिंकायचं. पगार बेताचा होता. पण मान होता, आणि मला मानाची भूक होती. मी कथा लिहायचे ना! दोन-तीन इकडेतिकडे छापूनही आल्या होत्या. पाहुणे आले की आमचे कार्यवाह मला पुढे करून म्हणायचे, ‘या आमच्या लेखिका.’ मी मान खाली घालायचे, पण कान टवकारलेले असायचे.

हौसाबाई पहिल्यांदा आली ती मुलाच्या अभ्यासाचं पुस्तक मागायला. उरणच्या बाजूला तिच्या सासरचं मिठागर होतं. जमिनी गेल्या, मीठ गेलं, आणि ही माणसं सुकापूरला राहायला आली. शिक्षण सातवी. पण एकदा कपाटाशी उभी राहिली की तिथेच वाचत राहायची, बसायचं तिच्या लक्षातच यायचं नाही. पुस्तक परत करताना काउंटरवर कोपर टेकून मला मिठागरातल्या गोष्टी सांगायची — बांध कसा फुटतो, मिठाने पायाला भेगा पडतात त्यावर काय लावायचं, सासू कशी चिडायची. मला मजा वाटायची. एकदा मीच म्हटलं, अहो, लिहून काढा हे.

हो, मीच म्हटलं. ते विसरता येत नाही.

तिने लिहून आणलं. एका दिवाळी अंकाने कथा मागवल्या होत्या. लहानसा अंक, तिकडे देशावरचा, आपल्या बाजूच्या स्टॉलवर कधी दिसायचा नाही. मी माझी कथा पाठवणार होते, तिचीही पाठवली. घरी टपाल आलं की सासरा फोडतो म्हणाली, म्हणून मोठ्या मनाने वाचनालयाचा पत्ता घालायला सांगितलं. मोठ्या मनाने! खरं सांगू? तिची कथा मी वाचलीसुद्धा नव्हती. ती छापून येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं, मग मन मोठं करायला काय जातंय?

माझी कथा श्रावणात साभार परत आली. महाबळेश्वरला गेलेल्या एका जोडप्याची होती. महाबळेश्वर तोवर मी पाहिलंही नव्हतं, पण ते असो. हौसाबाईची परत आली नाही. मी मनाशी म्हटलं, तिने परतीचं पाकीट जोडलं नसेल.

दिवाळी अंकांचे दिवस म्हणजे आमची लग्नसराई. त्यांची वर्गणी वेगळी, अंक दोन दिवसांत परत करायचा, आणि तरी रोज भांडणं. ‘ह्यांना आधी कसा मिळाला?’ आता तुम्हाला सांगायला हरकत नाही — खास सभासदांचे अंक माझ्या खणात असायचे. बाकीच्यांना मी हसतमुखाने सांगायचे, अजून आलेला नाही. तेव्हा लपवायची सवय हाताला होतीच, आणि खोटं बोलायची जिभेला.

त्या गडबडीत एक पार्सल आलं. वर नाव होतं सौ. हौसाबाईंचं, खाली द्वारा म्हणून आमचा पत्ता. मी ते नाव वाचलं. नीट वाचलं. आणि तरी सुतळी कापली.

कथा मी उभ्या उभ्याच वाचली. सासू-सून शेवटचं मीठ ओढतात, त्या दिवसाची गोष्ट. सासू सारखी रागावते, सून मुकाट ऐकते, आणि शेवटी सासू पदराच्या टोकाला मूठभर मीठ बांधून घेते, बस्. अगदी तिच्या बोलण्यासारखी लिहिलेली, आमी-तुमी सकट, आणि संपादकाने एका शब्दाला हात लावला नव्हता. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे खोटं नाही. ते पुसलं, आणि मग मनात जे काही उसळलं त्याला दुसरं नाव नाही — हेवा. नुसता जळफळाट! सातवी शिकलेली बाई. आणि माझं महाबळेश्वर साभार परत.

अंक मी खणात टाकला. उद्या देऊ म्हटलं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण खरंच उद्या देणार होते.

दुसऱ्या दिवशी ती आली. काही विचारायच्या आतच माझ्या तोंडून गेलं, अजून काही आलेलं नाही हं. एकदा असं म्हटल्यावर सुतळी कापलेला अंक परवा कोणत्या तोंडाने पुढे करायचा? मग ती रोज भाजी घेऊन जाता जाता वर डोकवायची, पिशवी दाराशी ठेवायची आणि नुसतं माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे. जिन्यात तिच्या चपला वाजल्या की मी खण पुन्हा एकदा आत ढकलून बघायचे. नवीन पनवेलला कोणाकडे तो अंक आला तर? तिनेच संपादकाला पत्र टाकलं तर? कोणी खण उघडला तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कार्यवाहांनी टाचणी मागितली तरी मी दचकायचे. त्या वर्षी मी जेवत नाही म्हणून सासूबाई गोड बातमीची वाट बघत होत्या.

इथवर सांगितलं ते चोरी म्हणून खपलं असतं. चोरी लहान असते, माणूस मनाची समजूत घालतो. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. आणि लिहिता लिहिता हात इथेच थांबतो आहे.

डिसेंबरात एका दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. हौसाबाई आली आणि या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. काउंटरवर कोपरही टेकलं नाही. म्हणाली, ‘बाई, नाय आला म्हंजे नाय घेतली त्यांनी. आता तुमीच सांगा, माजा काय चुकला?’

मी गप्प बसू शकले असते. ‘माहीत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. तिने काही माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. पण मी तिला खुर्ची दिली. समोर बसवलं. आणि तिची कथा का छापली नसेल ते समजावून सांगितलं. निवांत, मास्तरणीसारखं. म्हटलं, हे असं बोलीतलं पुस्तकात चालत नाही. वाचणारी माणसं शिकलेली असतात, त्यांना मिठागरात काय रस? गोष्टीला कथानक लागतं, नुसती रागावणारी सासू पुरत नाही. आणि शेवटाला काही अर्थ हवा, मीठ पदरात बांधलं, म्हणजे काय झालं? — हे सगळं बोलत होते तेव्हा माझा गुडघा खणाला टेकलेला होता. ती छापलेली कथा माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. आणि सांगू का, मला बोलता बोलता बरं वाटत होतं. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

ती सगळं ऐकून घेत होती. मध्ये एकदा मान हलवली. शेवटी म्हणाली, ‘बरा झाला बाई, सांगितलात. आमाला कोण सांगनार?’

संक्रांतीच्या सुमारास ती माझ्यासाठी वालाच्या शेंगा घेऊन आली. मी घेतल्या. मीठ घालून उकडल्या, घरच्यांनी बोटं चाटून खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

त्यानंतर एकदा पोस्टमनने भर दुपारी विचारलं, ‘त्या हौसाबाईंचं दिवाळीतलं पार्सल पोचलं ना?’ ती कपाटापाशी पाठमोरी उभी होती. मी एवढ्या मोठ्याने ‘हो हो’ म्हटलं की पेपर वाचणारे दोघे वर बघायला लागले. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी अंक पिशवीत घालून घरी नेला आणि सकाळी पाणी तापवताना बंबात टाकला. मी, ग्रंथपाल. पानाचा कोपरा दुमडला तर पोरांवर ओरडणारी. जाड कागद होता, लवकर पेटेना.

हौसाबाई नंतरही पुस्तकं न्यायला येत राहिली. पण माझ्याशी बोलायची पद्धत बदलली. आधी मनात जुळवायची, मग एकेक शब्द जपून उच्चारायची — ‘आम्ही’, ‘नाही’, ‘आहे’. गोष्टी सांगायचं बंद झालं. दुसऱ्या दिवाळीला मी तिला विचारलं, काही लिहिलंत का? हसून म्हणाली, नाही हो बाई, ते आपलं काम नव्हे. हे तिने इतकं शुद्ध म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. तेही लिहून ठेवते, कारण तेही खरं आहे.

वाचनालय मी कधीच सोडलं. पुढे माझ्या कथांचं एक छोटं पुस्तकही निघालं, त्याच्या समारंभाला हौसाबाई आली होती, मागच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती. आता ती पुष्कळ थकली आहे. सुकापूरलाच मुलाकडे असते. रिक्षाने जायला वेळ लागत नाही. भाजी घ्यायला मी त्याच रस्त्याने जाते, आणि तिच्या गल्लीशी आले की पावलं भराभर उचलते.

ती कथा चांगली होती. छापली गेली होती. मी जन्मात लिहिलं त्या सगळ्यापेक्षा चांगली होती. आणि ती बाई आजही असंच समजते की तिला लिहिता येत नाही.